माउंट केल्यावर फोल्डरच्या परमिशन बदलतात, आधी दिलेलं ७७७ जातं कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लिनक्सवर नवीन डिस्कवर ईएक्सटी४ ही फाइल सिस्टम (डिस्कवर फाइल्स ठेवायची पद्धत) केली, /डेटा नावाचं फोल्डर बनवलं, त्याला आधीच सीएचमॉड ७७७ (सगळ्यांना सगळी परमिशन) करून ठेवलं आणि मग डिस्क त्यावर माउंट केली, म्हणजे त्या फोल्डरला जोडली. बघतो तर फोल्डर रूटच्या (ॲडमिन युजरच्या) मालकीचं, परमिशन ७५५ (लिहिणं फक्त मालकाला), अ‍ॅपच्या युजरला एक फाइल बनवता येईना. अनमाउंट केलं की ७७७ परत हजर. एफएसटॅबमध्ये (बूटच्या वेळी काय माउंट करायचं त्याची यादी) यूमास्क=००० (परमिशन ठरवणारा ऑप्शन) टाकून बघितलं तर माउंटच होत नाही. आणि शेवटी विचारलंय की मग माउंट पॉइंटच्या परमिशनला काही अर्थ असतो की नसतो, कारण नेटवर दोन्ही प्रकारची उत्तरं सापडतात.

आधी काम होण्यापुरतं सांगतो. डिस्क माउंट असताना /डेटाच्या आत अ‍ॅपसाठी एक सबफोल्डर बनवा, समजा /डेटा/अ‍ॅप, त्याला सीएचओन (मालक बदलायची कमांड) करून अ‍ॅपच्या युजरची मालकी द्या, आणि अ‍ॅपच्या कॉन्फिगमध्ये हा पाथ द्या. एकदाच करायचं, ते डिस्कवरच लिहिलं जातं त्यामुळे रीबूटनंतरही टिकतं. ७७७ कुठेच लागत नाही, यूमास्क पण लागत नाही. सबफोल्डर कशाला, थेट /डेटालाच सीएचओन केलं तर चालेल की, असं वाटेल, आणि चालतं पण, पण मी तसं का करत नाही ते खाली येईल. (कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर नेहमीसारख्याच टाइप करायच्या.)

आता मूळ गोष्ट. परमिशन "बदलल्या" असं तुम्हाला वाटतंय पण कुणी काहीच बदललेलं नाहीये. तुम्ही दोन वेगळी फोल्डर बघताय, फक्त दोघांचं नाव एकच आहे. मालक, ग्रुप, आर-डब्ल्यू-एक्स (वाचणं, लिहिणं, चालवणं; फोल्डरवर एक्स म्हणजे आत जाणं) हे सगळं पाथच्या नावाला चिकटलेलं नसतं, ते इनोडमध्ये (प्रत्येक फाइल-फोल्डरची माहिती ठेवणारी नोंद) असतं, आणि इनोड त्या त्या फाइल सिस्टममध्ये असतो. तुम्ही ७७७ केलंत तेव्हा /डेटा म्हणजे तुमच्या रूट डिस्कवरचा एक इनोड होता. माउंट झाल्यावर कर्नल (लिनक्सचा गाभा) काय करतो, तर पाथ चालत चालत /डेटापाशी आला की तिथला जुना इनोड सोडून नवीन डिस्कच्या सगळ्यात वरच्या फोल्डरच्या इनोडवर उडी मारतो. जुना इनोड तिथेच आहे, त्याच्या ७७७ ला धक्का लागलेला नाही, फक्त त्या नावाने आता कुणी त्याच्यापर्यंत पोचत नाही.

पटत नसेल तर माउंटच्या आधी आणि नंतर एलएस -एलआयडी /डेटा करून बघा, सगळ्यात डावीकडे इनोड नंबर दिसतो. आधी काहीतरी लांबलचक आकडा असेल, माउंट झाल्यावर २ दिसेल, कारण ईएक्सटी४ मध्ये वरच्या फोल्डरचा इनोड कायम २ असतो. (बीटीआरएफएसवर २५६ दिसतो.) तो २ नंबरचा इनोड एमकेएफएस या कमांडने फॉरमॅट करताना बनवला, रूटच्या मालकीचा आणि ७५५. म्हणून तुम्हाला ७५५ दिसलं. फॉरमॅट करतानाच -ई रूट_ओनर देऊन वेगळा मालक ठरवता येतो पण ते लक्षात ठेवण्यापेक्षा नंतर सीएचओन करणं सोपं.

यातूनच एक नियम निघतो जो मी नवीन माणसाला पहिल्यांदा सांगतो: सीएचमॉड किंवा सीएचओन मारायच्या आधी माउंट आहे की नाही ते बघा. माउंट नसताना मारलं तर खालच्या फोल्डरला लागतं, माउंट असताना मारलं तर डिस्कवरच्या फोल्डरला लागतं. कमांड तीच, पाथ तोच, परिणाम दोन वेगळ्या जागी. बघायला फाइंडमाउंट /डेटा पुरतं, माउंट असेल तर एक ओळ येते, कुठलं डिव्हाइस, कुठली फाइल सिस्टम, काय ऑप्शन, नसेल तर काहीच येत नाही.

यूमास्कचं काय झालं तेही इथेच सांगून टाकतो. यूमास्क, यूआयडी (युजरचा नंबर), जीआयडी (ग्रुपचा नंबर) हे माउंट ऑप्शन फॅट, एक्सफॅट, एनटीएफएस यांच्यासाठी आहेत. फॅट आणि एक्सफॅटमध्ये युनिक्सवाला मालक आणि परमिशन ठेवायला जागाच नाही, त्यामुळे लिनक्स माउंटच्या वेळी तुमच्याकडून विचारून घेतो की सगळ्या फाइल्स कुणाच्या दाखवू आणि कुठल्या परमिशनने दाखवू. ईएक्सटी४ कडे स्वतःची खरी माहिती आहे, त्याला हा ऑप्शन ओळखीचाच नाही, म्हणून तो माउंटलाच नकार देतो. आणि एरर अशी येते की माणूस घाबरेल: रॉंग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक, सगळं एका वाक्यात. सुपरब्लॉकला (फाइल सिस्टमची मुख्य नोंद) काही झालेलं नसतं, डीमेसेज (कर्नलचे संदेश) बघा, तिथे शेवटच्या दोनतीन ओळींत कुठला ऑप्शन कळला नाही ते स्पष्ट लिहिलेलं असतं.

उलट बाजूने पण हाच गोंधळ होतो. पेनड्राइव्ह फॅटचा असतो आणि लोक त्यावर सीएचमॉड मारत बसतात, एकतर ऑपरेशन नॉट परमिटेड येतं नाहीतर कमांड गप्प बसते आणि काही बदलत नाही. तिथे अनमाउंट करून योग्य ऑप्शन देऊन परत माउंट करणं हाच मार्ग. फक्त यूमास्क=००० देऊ नका, सगळ्या फाइल्स एक्झिक्युटेबल दिसायला लागतात. डीमास्क=०२२ आणि एफमास्क=१३३ दिलं की फोल्डर ७५५ आणि फाइल्स ६४४ दिसतात, सोबत यूआयडीमध्ये ज्याला लिहायचंय त्याचा नंबर द्यायचा.

त्यामुळे "माउंट केल्यावर परमिशन कुणाच्या चालतात" या प्रश्नाला एक उत्तर नाही, कुठली फाइल सिस्टम आहे त्यावर ठरतं. ईएक्सटी४, एक्सएफएस, बीटीआरएफएस, झेडएफएस असेल तर डिस्कवर लिहिलेल्या. फॅट, एक्सफॅट असेल तर माउंट ऑप्शनमधल्या. एनएफएस (नेटवर्कवरून दुसऱ्या सर्व्हरचं फोल्डर माउंट करणं) असेल तर सर्व्हरच्या, आणि एफयूएसईवालं (साध्या प्रोग्रामने चालवलेली फाइल सिस्टम) काही असेल (एसएसएचएफएस वगैरे) तर तिथे वेगळाच एक दारवान बसलेला असतो. शेवटच्या दोघांबद्दल जरा पुढे, कारण त्याआधी एक जास्त महत्त्वाची गोष्ट आहे जी तुमच्या प्रश्नात नाहीये पण पुढचा प्रश्न हमखास तोच असणार.

ती म्हणजे वरची फोल्डर. कुठल्याही फाइलपर्यंत पोचायला कर्नल पाथमधल्या प्रत्येक पायरीवर एक्स परमिशन तपासतो. /डेटा/अ‍ॅप/लॉग उघडायचं तर सगळ्यात वरचं / , मग माउंट झालेल्या डिस्कचं वरचं फोल्डर, मग अ‍ॅप, या तिन्हीवर एक्स हवा. माउंट पॉइंट आणखी खोल असेल, समजा /एसआरव्ही/शेअर/डिस्क१, तर एसआरव्ही आणि शेअर या दोघांवर पण एक्स हवा, आणि ती दोन फोल्डरं रूट डिस्कवरचीच आहेत, माउंटने त्यांचं काही झाकलेलं नाही. म्हणजे माउंट फक्त त्या एका पायरीचा इनोड बदलतो, वरच्या पायऱ्या जशा होत्या तशाच लागू राहतात.

याचं सगळ्यात जास्त भेटणारं उदाहरण: डेस्कटॉपवर बाहेरची हार्डडिस्क लावली, ती आपोआप माउंट झाली, फाइल मॅनेजरमध्ये सगळं दिसतंय, आणि मीडिया सर्व्हर किंवा बॅकअपची सर्व्हिस म्हणतेय परमिशन डिनाइड. माणूस डिस्कवर सीएचमॉड -आर ७७७ मारतो, तरी तेच. कारण डेस्कटॉपवर यूडिस्क्स नावाचा प्रोग्राम ही डिस्क /रन/मीडिया/युजर किंवा /मीडिया/युजर याच्या आत माउंट करतो, आणि ते युजरच्या नावाचं फोल्डर रूटच्या मालकीचं असतं, त्यावर फक्त लॉगिन केलेल्या युजरसाठी एसीएल (ठरावीक युजरला दिलेली जादा परमिशन) लावलेला असतो. सर्व्हिस वेगळ्या युजरने चालते, ती त्या दारातच अडते, आत ७७७ आहे की ०००, तिला दिसतच नाही. एलएस -एलडी मध्ये परमिशनच्या शेवटी अधिकचं चिन्ह दिसलं की समजा एसीएल आहे, गेटफॅकलने आतलं बघता येतं. इथे त्या फोल्डरच्या परमिशन ढिल्या करत बसू नका, /रन तर टीएमपीएफएस (मेमरीतली फाइल सिस्टम) असतो, रीबूट झाला की तुमचा बदल गेला. सर्व्हिसला लागणारी डिस्क एफएसटॅबमधून /एसआरव्ही किंवा /एमएनटीखाली माउंट करा, विषय संपला.

कुठल्या पायरीवर अडलंय हे शोधायला नेमआय -एल आणि पुढे पूर्ण पाथ. पाथमधली प्रत्येक पायरी, तिचा मालक आणि परमिशन एकाखाली एक छापून देतो. सोबत -एक्स दिलं तर माउंट पॉइंट असलेल्या पायरीला मोठा डी दाखवतो. या कमांडने माझा जितका वेळ वाचलाय तितका दुसऱ्या कशाने वाचला नसेल, आणि इतकी वर्षं काम करणाऱ्या लोकांनाही ती माहीत नसते याचं मला अजून आश्चर्य वाटतं. फक्त एसीएल तिला दिसत नाही, त्यामुळे शेवटची खात्री कायम खऱ्या युजरनेच करायची: सुडो -यू देऊन त्या युजरच्या नावाने एलएस किंवा टच करून बघा. रूट म्हणून बघितलं तर काहीच कळत नाही, रूटला लोकल डिस्कवर जवळपास सगळंच दिसतं.

वरच्या पायऱ्यांना फक्त एक्स पुरतो, आर लागत नाही. म्हणजे मधल्या फोल्डरला ७११ ठेवलं तर लोकांना आत काय काय आहे याची यादी दिसत नाही पण पाथ माहीत असेल तर पुढे जाता येतं. आणि डिस्कचं वरचं फोल्डरच चुकून ७०० झालं तर आतल्या फाइल्स ६६६ असूनही बाकी सगळे बाहेर. हे "चुकून" कसं होतं सांगतो, आरसिंक -ए (मालक, परमिशनसकट कॉपी करणारी कमांड) वापरून स्रोताच्या शेवटी स्लॅश देऊन थेट /डेटामध्ये कॉपी केलं की स्रोत फोल्डरचा मालक आणि परमिशनसुद्धा डिस्कच्या वरच्या फोल्डरला लागतात. स्रोत कुणाचं तरी ७०० वालं होम फोल्डर असेल तर /डेटा पण ७००. काल चालत होतं, आज कुणाचंच चालत नाही, आणि कुणी सीएचमॉड मारल्याची नोंद हिस्ट्रीत कुठेच नाही. मी वरच्या फोल्डरमध्ये थेट काही न ठेवण्याचं हे एक कारण.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, झाकलेल्या फोल्डरच्या परमिशनला अर्थ असतो का. लिनक्सवर डिस्क माउंट असताना: नसतो. ००० करून ठेवा, माउंट झाल्यावर सगळं नीट चालेल. पण काही प्रसंगी असतो, आणि नेटवर दोन प्रकारची उत्तरं सापडतात ती यामुळेच.

पहिला प्रसंग जुन्या युनिक्सचा. सोलारिस आणि बीएसडीच्या घराण्यात माउंट झालेल्या फोल्डरमधून दोन टिंबं देऊन वर जायचं म्हटलं की कर्नल आधी झाकलेल्या फोल्डरवर येतो आणि त्याच्यात "वरचं कोण" हे शोधतो, म्हणजे झाकलेल्या फोल्डरवरचा एक्स तपासला जातो. ते ७०० असेल तर साध्या युजरचं पीडब्ल्यूडी फसायचं, फाइंड अर्धवट थांबायचं, आणि एलएस -एलडी मात्र ७५५ दाखवायचं कारण त्याला वरची डिस्क दिसते. बघावं ते बरोबर आणि तरी चालत नाही. उपाय एकच, अनमाउंट करा, खालचं फोल्डर ७५५ करा, परत माउंट करा. जुन्या मॅन्युअलमध्ये आणि जुन्या ॲडमिन लोकांच्या तोंडी "माउंट पॉइंट ७५५ च हवा" हे वाक्य आहे ते तिथून आलंय. लिनक्सचा व्हीएफएस (कर्नलमधला फाइल सिस्टम सांभाळणारा भाग) वर जाताना झाकलेल्या फोल्डरची परमिशन विचारत नाही, थेट त्याच्या पालकाकडे जातो.

दुसरा प्रसंग, माउंट करणारा रूट नसेल तेव्हा. एफयूएसईचं माउंट साधा युजर करू शकतो, पण ज्या फोल्डरवर करायचंय तिथे त्याला लिहिण्याची परमिशन हवी, नाहीतर फ्यूजरमाउंट नकार देतो. फ्रीबीएसडीवर युजरमाउंट चालू केलं असेल तर फोल्डर त्या युजरच्या मालकीचंच लागतं.

तिसरा प्रसंग सगळ्यात महत्त्वाचा, डिस्क माउंट नसेल तेव्हा. तुमचं ७७७ मला खटकलं ते इथे. समजा एक दिवस डिस्क बूटच्या वेळी उठली नाही, एफएसटॅबमध्ये नोफेल (डिस्क नसली तरी बूट थांबवू नको) आहे म्हणून मशीन निवांत चालू झालं, अ‍ॅप पण चालू झालं, त्याला /डेटा नावाचं फोल्डर दिसलं, ७७७ आहे, तो लिहायला लागला. सगळं हिरवं दिसतंय. फक्त लिहिलं जातंय रूट डिस्कवर. ती भरली की मशीनवरचं बाकी सगळं आडवं. किंवा त्याहून वाईट, दोन दिवसांनी कुणीतरी डिस्क माउंट करतं, त्या दोन दिवसांचा डेटा झाकला जातो, लोकांना वाटतं डेटा उडाला. आणि डीएफ म्हणतो रूट डिस्क ९८ टक्के भरलीय, डीयू सगळं मोजून म्हणतो निम्मी पण नाही. डीएफ आणि डीयूचा हिशोब जुळला नाही की डिलीट होऊनही उघड्या राहिलेल्या फाइल्स हा पहिला संशय असतो, आणि माउंटखाली दडलेल्या फाइल्स हा दुसरा. दडलेलं बघायला चालू डिस्क अनमाउंट करायची गरज नाही, एखाद्या रिकाम्या फोल्डरवर / चं बाइंड माउंट (तेच फोल्डर दुसऱ्या पाथवरही दाखवणं) करा, साधं बाइंड आतली माउंट सोबत आणत नाही, त्यामुळे तिथे /डेटाचं खालचं रूप उघडं दिसतं.

म्हणून झाकलेलं फोल्डर असं ठेवायचं की डिस्क नसताना तिथे कुणालाही लिहिता येऊ नये. रूटच्या मालकीचं, ७५५ किंवा त्याहून कडक. काहीजण ००० ठेवतात, ठीक आहे, पण ००० ने रूट थांबत नाही, आणि बॅकअपच्या स्क्रिप्ट तर बहुतेक रूटनेच चालतात. रूटला थांबवायचं तर सीएचअ‍ॅटर +आय, म्हणजे इमम्युटेबल. त्या फोल्डरमध्ये मग रूटलाही नवीन फाइल बनवता येत नाही, पण त्यावर माउंट मात्र बिनधास्त होतं. मी ७५५ आणि +आय दोन्ही वापरतो, ७५५ जुन्या सवयीने आणि +आय खऱ्या बचावासाठी. फक्त हे डिस्क अनमाउंट असतानाच करायचं. माउंट असताना मारलं तर +आय डिस्कच्या वरच्या फोल्डरला लागेल, मग सबफोल्डरच्या आत लिहिता येईल पण वरच्या पातळीवर नवीन काही बनणार नाही, आणि डोकं खाजवत बसाल की रूट असून का नाही.

आता सबफोल्डरचं कारण कळेल. अ‍ॅपचा पाथ /डेटा/अ‍ॅप आहे आणि डिस्क माउंट नाही, तर अ‍ॅप नावाचं फोल्डरच अस्तित्वात नाही. अ‍ॅप सुरू होतानाच एरर देऊन पडेल, आणि मला तेच हवंय, गुपचूप चुकीच्या जागी लिहिण्यापेक्षा तोंडावर पडलेलं केव्हाही बरं. अ‍ॅपने स्वतः फोल्डर बनवायचा प्रयत्न केला तरी खालचं /डेटा रूटचं आणि +आय आहे, बनणार नाही. शिवाय ईएक्सटी४ च्या वरच्या फोल्डरमध्ये लॉस्ट+फाउंड नावाचं ७०० वालं फोल्डर असतंच, काही सॉफ्टवेअरला ते आवडत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसचं इनिटडीबी तर फोल्डर रिकामं नाही म्हणून नकार देतं आणि वर सांगतं की माउंट पॉइंट थेट डेटा फोल्डर म्हणून वापरू नका, त्याच्या आत सबफोल्डर बनवा. पोस्टग्रेसला डेटा फोल्डर ७०० किंवा ७५० च लागतं (७५० आवृत्ती ११ पासून चालायला लागलं), तिथे तुमचं ७७७ दिलं असतं तर तो सुरूच झाला नसता. सिस्टमडी (सर्व्हिस चालू-बंद करणारी यंत्रणा) असेल तर सर्व्हिसच्या युनिट फाइलमध्ये रिक्वायर्समाउंट्सफॉर=/डेटा ही एक ओळ पण टाका, माउंट झाल्याशिवाय सर्व्हिस सुरूच होत नाही.

एक अपवाद /टीएमपीसारख्या जागांचा, तिथे वरचं फोल्डरच सगळ्यांना वापरायचं असतं. /टीएमपीसाठी वेगळं ईएक्सटी४ पार्टिशन बनवलंत तर ते ७५५ मध्ये येईल आणि अर्धे प्रोग्राम रडायला लागतील. माउंट केल्यावर सीएचमॉड १७७७ करायचं, पहिला १ म्हणजे स्टिकी बिट, एकाची फाइल दुसऱ्याने उडवू नये म्हणून. टीएमपीएफएस वापरलंत तर तो मुळातच १७७७ मध्ये येतो.

चौथा प्रसंग छोटा आहे पण फसवतो. तुमचं टर्मिनल आधीच /डेटामध्ये उभं होतं आणि दुसऱ्या टर्मिनलमधून माउंट केलंत, तर पहिल्या टर्मिनलला अजून जुनंच फोल्डर दिसत राहतं, कारण त्याने जुना इनोड धरून ठेवलाय, पाथ परत चालून बघितलेला नाही. सीडी करून परत आत या. आधीपासून चालू असलेल्या सर्व्हिसचंही तसंच, रीस्टार्ट करावी लागते.

इथपर्यंत लोकल डिस्कचं झालं: पाथच्या प्रत्येक पायरीवर एक्स, माउंटच्या पायरीवर डिस्कवरचा इनोड, आणि खालचं फोल्डर फक्त डिस्क नसतानाचा पहारेकरी. आता राहिलेले दोन प्रकार भरभर.

एनएफएसवर परमिशनचा निकाल सर्व्हर देतो, आणि साध्या सेटअपमध्ये तो नावावर नाही, यूआयडीच्या आकड्यावर देतो. क्लायंटवर तुमचा अ‍ॅप युजर १००१ आणि सर्व्हरवर १००१ दुसराच कुणी, तर एलएसला मालकाचं नाव बरोबर दिसेल आणि सर्व्हरवर भलत्याच माणसाची फाइल असेल. आकडे जुळवून घ्या. दुसरं म्हणजे रूट_स्क्वॉश, हा डिफॉल्ट चालू असतो, क्लायंटचा रूट सर्व्हरवर नोबडी (हक्क नसलेला युजर) होतो. त्यामुळे क्लायंटवरून सुडो लावून सीएचओन केलं तरी नकार मिळतो, आणि ७०० वालं फोल्डर मालकाला उघडतं पण रूटला उघडत नाही. लोक लगेच नो_रूट_स्क्वॉश करतात, ते करू नका, सर्व्हरवर जाऊन एकदा मालकी नीट करा. आकड्यांचा हाच प्रकार एका मशीनची डिस्क काढून दुसऱ्याला लावली तरी होतो, आणि कंटेनरमध्ये फोल्डर बाइंड केलं तरी. डिस्कवर नाव लिहिलेलं नसतं, आकडा लिहिलेला असतो. लिनक्स ५.१२ पासून आयडीमॅप्ड माउंट नावाची सोय आलीय, माउंटच्या वेळीच आकड्यांची अदलाबदल करता येते, पण एका सर्व्हरच्या एका डिस्कसाठी तिच्या वाटेला जाऊ नका, सीएचओन पुरतं.

बाइंड माउंटबद्दल एक इशारा. तिथे दोन्ही पाथवर इनोड एकच असतो, एका बाजूला सीएचमॉड केलं की दुसऱ्या बाजूला पण दिसतं. पण पायऱ्या नवीन पाथच्या तपासल्या जातात. म्हणजे कुणाच्या ७०० वाल्या होमच्या आतलं फोल्डर तुम्ही /एसआरव्हीखाली बाइंड केलंत तर होमचा ७०० त्याला आता वाचवत नाही. कधी हेच हवं असतं, कधी भोक पडतं.

एफयूएसईमध्ये ज्याने माउंट केलं त्याच्याशिवाय कुणालाही आत जाता येत नाही, रूटलासुद्धा. रूट म्हणून एलएस केलं की त्या फोल्डरसमोर नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. डिस्क खराब नाही झालेली, ती मुद्दाम केलेली व्यवस्था आहे. बाकीच्यांना द्यायचं असेल तर अलाउ_अदर ऑप्शन, आणि साधा युजर माउंट करत असेल तर त्याआधी /ईटीसीमधल्या फ्यूज.कॉन्फमध्ये युजर_अलाउ_अदर चालू करावं लागतं. अलाउ_अदर देताना डिफॉल्ट_परमिशन्स पण द्या, नाहीतर बऱ्याच एफयूएसई प्रोग्राममध्ये आर-डब्ल्यू-एक्स नुसते शोभेचे राहतात.

आणि परमिशन सगळ्या बरोबर असून अडत असेल तर परमिशनच्या पलीकडे बघा. रीड-ओन्ली फाइल सिस्टम अशी एरर आली तर सीएचमॉडचा संबंध नाही, एकतर आरओ माउंट आहे नाहीतर ईएक्सटी४ ला डिस्कवर चूक सापडली म्हणून त्याने स्वतःच लिहिणं बंद केलंय, डीमेसेज बघा आणि आधी बॅकअप घ्या. स्क्रिप्टला ७५५ आहे, वाचता येतेय, पण चालवली की परमिशन डिनाइड, तर फाइंडमाउंटमध्ये नोएक्झेक (इथून काही चालवू नको) शोधा. एफएसटॅबमध्ये युजर हा ऑप्शन टाकला की नोएक्झेक, नोसूइड, नोडेव्ह सोबत आपोआप येतात, हे खूप जणांना माहीत नसतं, आणि तीच स्क्रिप्ट बॅशला पुढे घालून चालवली की चालते त्यामुळे गोंधळ वाढतो. तिसरं एसईलिनक्स, म्हणजे परमिशनच्या वरचा, लेबलवर चालणारा सुरक्षेचा थर. नवीन फॉरमॅट केलेल्या डिस्कवर लेबलच नसतात, सर्व्हिसला नकार मिळतो, ७७७ करा नाहीतर काही करा. एलएस -झेड करून बघा आणि रीस्टोरकॉन चालवा, एसईलिनक्स बंद करून मोकळे होऊ नका.

तर तुमच्या मशीनवर मी असं केलं असतं: अ‍ॅप थांबवलं असतं, डिस्क अनमाउंट केली असती, खालच्या /डेटामध्ये काही साचलंय का ते बघून हलवलं असतं, त्याला सीएचमॉड ७५५ आणि सीएचअ‍ॅटर +आय केलं असतं, एफएसटॅबमधून यूमास्क काढून डिस्क परत माउंट केली असती, मग /डेटा/अ‍ॅप बनवून अ‍ॅपच्या युजरला दिलं असतं, ७५० परमिशनने. एकापेक्षा जास्त लोकांना त्यात लिहायचं असेल तर ७७७ नको, त्यांचा एक ग्रुप करा आणि फोल्डरला २७७०, म्हणजे नवीन फाइल्स आपोआप त्या ग्रुपच्या होतील. मात्र ग्रुपला लिहिता यावं म्हणून त्या युजरचा यूमास्क ००२ आहे ना ते बघा, तो माउंटचा ऑप्शन नाही, शेलमधला.

एवढं करूनही अडलं तर नेमआय -एल /डेटा/अ‍ॅपचं आउटपुट, फाइंडमाउंटची ती एक ओळ, आणि अ‍ॅप कुठल्या युजरने चालतो ते इथे टाका. नुसतं "७७७ करून पण चालत नाही" यावरून कुणालाच काही सांगता येणार नाही.